डाव्या झाकणाखालची ताकद

‘गाडीचा पिकअप गेलाय’ ही गॅरेजच्या दारात सर्वाधिक ऐकू येणारी तक्रार. स्कूटर आठ-दहा वर्षांची झालेली असते. मालकाने मनाशी ठरवूनच टाकलेलं असतं की हाफ इंजिन उतरवायचं, आणि उतरवतोच आहोत तर मोठं बोअर किट टाकून घ्यायचं. जाणता मिस्त्री मात्र सिलिंडरला हात लावत नाही. तो आधी डावीकडचं, किक ज्यावर बसते ते लांबट झाकण उघडतो. माझ्या मते छोट्या फोर-स्ट्रोक स्कूटरचं ट्यूनिंग तिथूनच सुरू व्हायला हवं, कारण इंजिनाने तयार केलेली ताकद सर्वाधिक वाया जाते ती त्याच झाकणाखाली.

आपल्याकडे या इंजिनाचं सर्वांत परिचित रूप म्हणजे होंडाची ॲक्टिव्हा. गिअरविना चालवण्याची सवय महाराष्ट्राला कायनेटिक होंडाने लावली होती, पण तिचं इंजिन टू-स्ट्रोक होतं. २००१ मध्ये आलेल्या ॲक्टिव्हाने तीच सोय १०२ सीसीच्या फोर-स्ट्रोकला जोडून दिली. २००९ मध्ये इंजिन ११० सीसीच्या घरात गेलं: बोअर ५० मिमी, स्ट्रोक ५५.६ मिमी, मिनिटाला साडेसात हजार फेऱ्यांवर सुमारे ८ हॉर्सपॉवर. २०२० मध्ये बीएस-६ प्रदूषण नियमांसाठी फ्युएल इंजेक्शन आलं, तेव्हा सीसी जवळपास तितकेच राहिले. बोअर मात्र ४७ मिमीवर उतरला आणि स्ट्रोक ६३.१ मिमीपर्यंत लांबला. या बदलाकडे ट्यूनिंगची हौस असलेल्यांनी नीट पाहायला हवं. स्ट्रोक लांबला की त्याच फेऱ्यांना पिस्टनला जास्त अंतर धावावं लागतं. म्हणजे हे नवं इंजिन कमी फेऱ्यांवर ओढण्यासाठी घडवलेलं आहे, किंचाळत पळण्यासाठी नव्हे. जुन्या ॲक्टिव्हावर जमलेला उपाय नवीवर तसाच करायला गेलं की फसगत होते.

आता त्या झाकणाखाली. पुढच्या पुलीत, म्हणजे व्हेरिएटरमध्ये, सहा छोटे रोलर असतात. क्रँक जोरात फिरू लागला की ते बाहेरच्या बाजूला फेकले जातात आणि पुलीच्या दोन चकत्या जवळ आणतात. त्यामुळे बेल्ट पुढच्या पुलीवर वर चढतो, मागच्या पुलीत खाली उतरतो, आणि पायाने न टाकलेला गिअर आपोआप उंचावतो. मागच्या पुलीची स्प्रिंग याला सतत विरोध करत असते. रोलर आणि स्प्रिंग यांच्या या रस्सीखेचीत इंजिन किती फेऱ्यांवर राहणार ते ठरतं. गाडीचा सगळा स्वभाव इथे आहे.

रोलर हजारो किलोमीटर घासले की गोल राहत नाहीत. एका बाजूने चपटे होतात. मग ते अडखळत सरकतात, गाडी सुटताना थरथरते, मधेच झटका देते. बेल्ट झिजून अरुंद झाला की तो पुढच्या पुलीच्या कडेपर्यंत चढतच नाही आणि वरचा वेग जातो. क्लचचे शू गुळगुळीत झाले की रेस वाढते, गाडी नाही. यातल्या एकाही दोषाचा पिस्टनशी संबंध नाही. रोलर, बेल्ट, शू बदलले, पुलीतली काळी धूळ साफ केली, की ‘संपलेली’ गाडी पुन्हा धावू लागते.

खरं अपग्रेडही इथेच, आणि तेही कमी खर्चात. मूळ रोलरपेक्षा प्रत्येकी एखाद ग्रॅम हलके रोलर टाकले की बेल्ट उशिरा चढतो, इंजिन जास्त फेऱ्यांवर राहतं आणि डबलसीट पसरणीचा घाट चढताना जीव येतो. किंमत पेट्रोलने मोजावी लागते, कारण सपाट रस्त्यावरही फेरे जास्तच राहतात. जड रोलर टाकले तर ॲव्हरेज थोडं सुधारतं, पिकअप मंदावतो. दोन वजनांचे रोलर मिसळायचे असतील तर तीन-तीन, एकाआड एक बसवायचे. नाहीतर पुलीचा तोल बिघडतो. क्लचच्या कडक स्प्रिंगा मात्र शहरात टाळाव्यात. सिग्नलच्या गर्दीत त्या क्लच बेल तापवतात.

हवा आणि पेट्रोल हा दुसरा भाग. समुद्रकिनाऱ्याच्या तुलनेत महाबळेश्वरला, सुमारे १३५० मीटर उंचीवर, हवेची घनता जवळजवळ आठव्या हिश्शाने कमी होते. तितकीच इंजिनाची ताकदही घटते. कार्बोरेटरला हे कळत नाही, म्हणून मिश्रण गरजेपेक्षा दाट होतं. २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने याच्या उलट होतं. इथेनॉलला जळायला पेट्रोलपेक्षा कमी हवा लागते, त्यामुळे कार्बोरेटरच्या जुन्या जेटमधून आलेलं मिश्रण विरळ पडतं आणि इंजिन जास्त तापतं. अशा जुन्या स्कूटरला मेन जेट एक नंबर मोठा लावून प्लगचा रंग पाहावा: बिस्किटी असेल तर ठीक, पांढरट असेल तर विरळ, काजळी असेल तर दाट. रबरी नळ्या आणि ओ-रिंगही तपासून घ्याव्यात. इंजेक्शनच्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर मिश्रणाची बरीच काळजी स्वतः घेतो.

टॅपेटकडे बहुतेक जण आवाज आल्याशिवाय पाहत नाहीत, आणि नेमकं तेच चुकतं. किंचित टकटकणारं टॅपेट परवडतं; गप्प झालेलं महागात पडतं. टॅपेट आणि व्हॉल्व्ह यांच्यातली फट बुजली की एक्झॉस्ट व्हॉल्व्ह सीटवर पूर्ण टेकत नाही. त्याची उष्णता सीटमार्गेच हेडमध्ये जायची असते, ती वाट बंद झाली की व्हॉल्व्ह जळतो. इंजिन पूर्ण गार असताना, फ्लायव्हीलची खूण जुळवून, फिलर गेजने फट पाहायची. कामाला वेळ फारसा लागत नाही, पण गरम गाडी पुढ्यात घेऊन घाईत ते होत नाही. ऑइलचंही तसंच. या इंजिनात ते जेमतेम पाऊण लिटर मावतं, म्हणून वेळेवर बदलायला हवं. क्लच ऑइलमध्ये बुडालेला नसल्याने स्कूटरला ‘एमबी’ दर्जाचं ऑइल लागतं. मोटरसायकलचं ‘एमए’ ओतण्यात फायदा नाही.

एवढं झाल्यावर बोअर किटचा विषय काढावा. तैवान-चीनमध्ये पसरलेल्या जीवाय-६ घराण्याच्या इंजिनांवर ही हौस जगभर वाढली. तिथल्या ५० सीसी इंजिनाचा ३९ मिमीचा बोअर ५० मिमी केला की ८१ सीसी होतात. जुन्या ११० सीसी ॲक्टिव्हाचा बोअर २ मिमीने वाढवला तर ११८ सीसी होतील. आठ टक्क्यांची ही वाढ कागदावर बरी दिसते. पण गार करायला तोच पंखा, क्रँकला तीच बेअरिंगं, थांबायला तेच १३० मिमीचे ड्रम ब्रेक. जेट, हेड, रोलर सगळं नव्याने जुळवावं लागतं. नाही जुळवलं तर काही महिन्यांत पिस्टन जाम होतो.

शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. कलम १८२-अ प्रमाणे अशा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. कर्कश सायलेन्सरला तर मी ट्यूनिंग म्हणायलाच तयार नाही. तो आवाज वाढवतो, आणि इंजिनाशी जुळवलेला नसेल तर खालच्या फेऱ्यांवरची ओढ घालवतो.

तेव्हा किटसाठी पैसे बाजूला ठेवले असतील तर ते आधी बेल्ट, रोलर, क्लच शू, टॅपेट आणि ब्रेक लायनिंगवर खर्च करा, आणि झाकण उघडेल तेव्हा मिस्त्रीच्या शेजारी उभं राहून जुने रोलर हातात घेऊन पाहा.