ब्रेकचे पेडल दगडासारखे लागले तर?

गळीत हंगामात आपल्या रस्त्यांवर उसाच्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर-ट्रॉल्या रात्रंदिवस चालतात. पुढची ट्रॉली अचानक थांबली आणि जीपचे पेडल पायाला दगडासारखे लागले, तर काय ओढवेल ते सांगायला नको. म्हणून या वेळी आम्ही एका लहानशा व्हॉल्व्हविषयी लिहीत आहोत.

ब्रेक दाबताना आपल्या पायाला बूस्टरची मदत असते आणि बूस्टर व्हॅक्यूमवर चालतो. पेट्रोल गाडीत हे व्हॅक्यूम इंजिनाच्या इनटेककडून मिळते. डिझेल गाडीत त्यासाठी बहुधा वेगळा पंप असतो. पुष्कळ गाड्यांत तो अल्टरनेटरच्या पाठीमागेच बसवलेला असतो. बूस्टरच्या तोंडाशी किंवा नळीत एकेरी व्हॉल्व्ह असतो. तो हवा बूस्टरमधून बाहेर जाऊ देतो, परत आत येऊ देत नाही. त्यामुळे इंजिन बंद पडले तरी दोन-तीनदा ब्रेक मारण्यापुरती मदत शिल्लक राहते.

परीक्षा सोपी आहे. गाडी सपाटीवर न्यूट्रलमध्ये उभी करून हँडब्रेक ओढा. इंजिन दोन मिनिटे चालवून बंद करा. पाच मिनिटांनी पेडल दाबा. पहिले दोन-तीन दाब मऊ गेले तर ठीक. पहिलाच दाब घट्ट लागला तर व्हॅक्यूम कुठेतरी गळते आहे, असे समजा.

आधी नळीच्या चिरा आणि सैल क्लिपा पाहा. मग व्हॉल्व्ह काढून पुसा. बूस्टरकडच्या तोंडाने फुंकले की हवा पार गेली पाहिजे, इंजिनाकडच्या तोंडाने अडली पाहिजे. दोन्हीकडून गेली किंवा दोन्हीकडून अडली, तर व्हॉल्व्ह बाद.

नवा व्हॉल्व्ह त्याच मॉडेलचा घ्या, जोडीला रबरी वायसरही नवा. व्हॉल्व्हवर बाण असला तर तो इंजिनाकडे करून बसवा. ग्रीस लावू नका. वरची परीक्षा पुन्हा करूनच गाडी रस्त्यावर काढा.

व्हॉल्व्ह आणि नळी दोन्ही ठीक निघाल्या, तर दोष पंपात किंवा बूस्टरमध्ये असू शकतो. ते काम मिस्त्रीचे. मात्र "बूस्टरच बदला" असे कोणी म्हणाले, तर आधी व्हॉल्व्ह फुंकून दाखवायला सांगा. पेडल उलट स्पंजासारखे खाली बसत असेल, तर हा दोष नव्हे. तिथे ब्रेक ऑइल आणि नळ्यांतली हवा पाहावी लागते.

शेवटी एक विनंती. डिझेल वाचवायला उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडू नका. दोन-तीन दाबांनंतर बूस्टरची मदत संपते, उतार मात्र संपलेला नसतो.