पाऊस न पडलेली माती

चंद्रावरची माती आणावयाची, ती कुपीत जपून ठेवावयाची आणि तिच्यात काय आहे ह्याचा वर्षानुवर्षे शोध घ्यावयाचा, ही यातायात कशासाठी, असा प्रश्न पुष्कळांच्या मनात येतो. ज्याला नांगर धरावयाचा आहे त्याला स्वतःच्या शेतातील मातीची चिंता पुरेशी असते. प्रश्न रास्त आहे. तथापि आमचे म्हणणे असे की, चंद्राची माती कशी आहे हे कळले म्हणजेच आपल्या पायांखालच्या मातीचे मोल नीट ध्यानात येते. ते कसे, हे आज वाचकांपुढे मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम आपल्या मातीकडे पाहू. पेडणे तालुक्यातील मोपा येथील सडा असो की डिचोलीचे डोंगर असोत, आपला हा मुलूख जांभ्या दगडाचा. त्याचेच चिरे काढून आपण घरे, विहिरी आणि देवालये बांधीत आलो. फ्रान्सिस बुकानन ह्या स्कॉटिश वैद्याने मलबारातील अंगाडिपुरम येथे हा दगड पाहिला आणि १८०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्यास 'लॅटराइट' हे नाव दिले. लॅटिन भाषेत 'लातेर' म्हणजे वीट. ही वीट कोणत्याही भट्टीत भाजलेली नाही, ती पावसाने घडविली आहे. मूळ कातळात वाळूचे द्रव्य, चुना, मॅग्नेशियम, सोडियम, लोह आणि ॲल्युमिनियम अशी सर्वच द्रव्ये होती. लक्षावधी पावसाळ्यांनी त्यांतील विरघळणारी द्रव्ये हळूहळू धुऊन समुद्रात नेली. मागे राहिली ती मुख्यतः लोह व ॲल्युमिनियम ही द्रव्ये. लोहाचा हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन त्यास गंज चढला. आपल्या मातीचा तांबडा रंग तो हाच. चुना वाहून गेल्यामुळे ही माती आंबट झाली, म्हणूनच शेतीखाते तिच्यात चुना घालावयास सांगते.

आता अशी कल्पना करा की, एखाद्या भूमीवर पाऊस कधी पडलाच नाही आणि वाराही कधी सुटला नाही. तेथील माती कशी असेल? चंद्र ही तशीच भूमी आहे. १६५१ साली रिच्चोली ह्या इटालियन येशूसंघीय धर्मगुरूने चंद्राचा नकाशा प्रसिद्ध केला, त्यात काळसर मैदानांना सागरांची नावे दिली होती. ती आजही रूढ आहेत. २० जुलै १९६९ रोजी मनुष्य प्रथम चंद्रावर उतरला तो 'शांतिसागरा'तच. परंतु त्या सागरात पाण्याचा थेंबही नव्हता. १९६९ ते १९७२ ह्या काळात अपोलोच्या सहा मोहिमांनी एकूण ३८२ किलो माती व दगड पृथ्वीवर आणले. त्यांचे पृथक्करण करता असे दिसले की, आपल्याकडे वाहून गेलेला चुना तेथे जागच्या जागी आहे आणि लोह असूनही ते बहुधा गंजलेले नाही. कणांचा आकारही निराळा. आपल्या नदीची वाळू घासून गोल होते. चंद्रावरचे कण म्हणजे उल्कांच्या माऱ्याने फुटलेल्या कातळाचा व काचेचा चुरा, आणि त्यांची धार घासून काढावयास तेथे पाणी नाही. अंतराळवीरांच्या पोशाखांस तो चिकटून बसला, वस्त्रांचे वरचे थर त्याने घासून काढले.

हेच पृथक्करण पुढे आपल्या देशाने चंद्रावर जाऊन केले. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण भागात उतरले. त्यातून २६ किलो वजनाची 'प्रज्ञान' ही सहा चाकांची गाडी बाहेर पडली. तिच्यावर अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेने तयार केलेले एक उपकरण होते. त्यात क्युरियम ह्या किरणोत्सर्गी धातूचा अंश ठेवला होता. त्याचे किरण मातीवर पडले म्हणजे मातीतील प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या ठरावीक शक्तीचे क्ष-किरण बाहेर टाकते. घंटेच्या नादावरून घंटा ओळखावी, तसे त्या किरणांवरून मूलद्रव्य ओळखता येते. थोड्या दिवसांत २३ ठिकाणी अशी मोजणी झाली. पुढे रात्र पडली, गाडी निजविली गेली आणि पुन्हा जागी झाली नाही. परंतु तिचे काम झाले होते.

संतोष वडवळे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ह्या मोजणीचा निष्कर्ष ऑगस्ट २०२४ मध्ये 'नेचर' ह्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. तेथील माती चुना व ॲल्युमिनियम विपुल असलेल्या फिकट कातळाची आहे, असे त्यांस आढळले. ह्यास महत्त्व आहे. सुमारे साडेचार अब्ज वर्षांपूर्वी चंद्राचा पृष्ठभाग वितळलेल्या खडकाचा महासागर होता आणि दुधावर साय यावी त्याप्रमाणे हलके खनिज वर तरंगून त्याचे कवच झाले, असा शास्त्रज्ञांचा तर्क होता. दक्षिणेकडील मातीने त्या तर्कास बळ दिले. अपेक्षेहून अधिक मॅग्नेशियमही तेथे सापडले. प्राचीन काळी झालेल्या एका प्रचंड आघाताने ते खोलातून वर उसळले असावे, असे ते म्हणतात. पाऊस नसल्यामुळे इतकी जुनी हकीकत त्या मातीत पुसली न जाता राहिली.

तिच्यात आणखीही एक नोंद आहे. आकाशातून येणारे सूक्ष्म विश्वकिरण कणांत शिरून बारीक चरे पाडतात. अपोलोने आणलेल्या मातीपैकी काही मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेकडे आली, तेव्हा देवेंद्र लाल, नरेंद्र भांडारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे चरे मोजून कण किती काळ उघड्यावर पडला होता ह्याचा अंदाज बांधला. असेच चरे प्लॅस्टिकमध्येही उमटतात. प्लॅस्टिक हे 'बहुवारिक' द्रव्य आहे. जपमाळेत मण्यामागून मणी ओवावा तसे लहान रेणू एकापुढे एक जोडून ते बनते. किरणाने ही माळ तुटते, आणि मग क्षाराच्या द्रावणात ती जागा अधिक वेगाने झिजून सूक्ष्मदर्शकाखाली खळगा दिसू लागतो. अपोलोच्या अंतराळवीरांच्या प्लॅस्टिकच्या शिरस्त्राणांतही असे खळगे सापडले. आपणांस अभिमानाची गोष्ट ही की, ह्या कामी येणारी नवी बहुवारिके गोवा विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात व्ही. एस. नाडकर्णी व त्यांच्या सहकाऱ्यांनी सिद्ध केली आणि भाभा अणुसंशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांच्या साह्याने त्यांची परीक्षा घेतली. ताळगावच्या पठारावर, आपल्याच मुलांच्या विद्यापीठात हे काम झाले.

चंद्राच्या मातीचे काही करता येईल काय, ह्याचाही प्रयत्न चालू आहे. खरी माती थोडी, म्हणून तामिळनाडूतील नामक्कल जिल्ह्यात सित्तमपुंडी येथे मिळणारा तसाच कातळ दळून इस्रोने तिची नक्कल तयार केली. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने इस्रोच्या साह्याने २०२० साली त्या नकली मातीच्या विटा करून दाखविल्या. त्यासाठी काय वापरले? युरिया, एक निरुपद्रवी जंतू आणि गवारीच्या बियांचा डिंक. आपल्या परसात वेलभाज्यांच्या शेजारी वाढणारी ती गवार. तिचा डिंक हेही निसर्गाने घडविलेले बहुवारिकच होय.

वीट करता आली. पीक मात्र तितके सोपे नाही. २०२२ साली अमेरिकेतील फ्लोरिडा विद्यापीठात अपोलोच्या खऱ्या मातीत मोहरीच्या कुळातील एक लहान रोप लावून पाहिले. बियाणे रुजले, परंतु रोपे खुरटली. त्या मातीत खनिजे आहेत. नाही ती कुजलेली पाने, गांडुळे, जीवजंतू आणि पाण्याने केलेली मशागत.

आता आमचा मूळ मुद्दा. २०२० साली शास्त्रज्ञांनी चांद्रयान-१ वरील उपकरणाच्या नोंदी तपासल्या, तेव्हा चंद्राच्या ध्रुवांकडील भागात हेमाटाइटाच्या, म्हणजे गंजलेल्या लोहाच्या, खुणा दिसल्या. डिचोलीच्या खाणींतून निघते ते मुख्यतः हेच खनिज! चंद्रावर प्राणवायू कोठून आला? तो पृथ्वीच्याच वातावरणातून निसटून तेथवर पोहोचला असावा, असा त्यांचा तर्क आहे. तेथे जे खनिज नुसते पुसट खुणेइतके, ते येथे डोंगरांच्या डोंगर भरून आहे. हे केवळ पाणी, हवा आणि काळ ह्यांचे देणे होय.

ते खनिज एक टन काढावयाचे तर त्याच्या दुपटी-तिपटीने माती व दगड बाजूस सारावे लागतात. खाणीने डिचोलीतील कित्येक घरांची चूल पेटविली, हे आम्ही विसरत नाही. खाणी २०१२ साली थांबल्या आणि २०१८ साली पुन्हा थांबल्या, तेव्हा ट्रक उभे राहून कुटुंबांवर कर्ज चढले, हेही खरे. त्याचबरोबर शिरगाव-मुळगावच्या शेतकऱ्यांनी शेतात येणाऱ्या गाळाबद्दल व आटणाऱ्या विहिरींबद्दल वर्षानुवर्षे गाऱ्हाणे मांडले, हेही तितकेच खरे. २०२४ पासून डिचोलीत खाणकाम पुन्हा सुरू झाले आहे. खनिजाचा भाव बाजारात ठरतो. त्याच्यावर असलेल्या वीतभर काळपट मातीचा भाव कोणी ठरविला आहे काय? ती एकदा गाळाखाली गेली की उरते ते नुसते खनिज, आणि नुसत्या खनिजात रोप कसे खुरटते हे चंद्राच्या मातीने आपणांस दाखविले आहे.

म्हणून आमची वाचकांस विनंती एवढीच. पावसापूर्वी शेताचे बांध आणि पाणंदीचे चर नीट करावेत. माती तपासून घ्यावी आणि मृदा आरोग्य पत्रिका पेटीत न ठेवता तिच्याप्रमाणे चुना व शेणखत द्यावे. ग्रामसभेत खाणीचा विषय निघेल तेव्हा वरची माती कोठे ठेवणार, पावसात ती कशी अडविणार, हे प्रश्न नम्रपणे पण ठामपणे विचारावेत. आणि घरातील मुलगा वा मुलगी रसायनशास्त्र शिकू इच्छीत असेल तर, त्याचा उपयोग काय, असे म्हणून तिला परावृत्त करू नये. चंद्राच्या मातीचे पृथक्करण ज्या विद्येने होते, त्याच विद्येने विहिरीचे पाणी आणि शेताचा गाळ तपासला जातो. ते तपासणारे हात आपल्याच गावचे असतील, तर गाऱ्हाण्यास पुराव्याचे बळ येईल.