सात मार्कांच्या पलीकडचं जे. जे.

"इंटरमिजिएट दिलीस का? ए ग्रेड आली तर सात मार्क फिक्स!"

शाळेत असताना हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेलच. सध्याच्या नियमाप्रमाणे इंटरमिजिएटला ए ग्रेड मिळाली तर दहावीत ७, बी मिळाली तर ५ आणि सी मिळाली तर ३ वाढीव गुण मिळतात. आपल्यापैकी बहुतेकांची चित्रकलेशी ओळख इथे सुरू होते आणि इथेच संपते. मार्क मिळाले, रंगपेटी माळ्यावर गेली, विषय संपला.

मी अंकुशनगरची. अंबड तालुक्यात समर्थ सहकारी साखर कारखान्याभोवती वसलेलं आमचं गाव. इंटरमिजिएटच्या तयारीत स्मरणचित्राला 'आठवडी बाजार' हा विषय हमखास असायचा. वर्गातल्या सगळ्यांनी गाइडमधला एकच बाजार पाठ केला होता. डावीकडे भाजीवाली, उजवीकडे फुगेवाला आणि मागे नारळाची झाडं. आमच्याकडे नारळाची झाडं कुठली? बाहेर रस्त्यावर उसाच्या बैलगाड्यांची रांग लागलेली असायची. ती मात्र कुणीच काढली नाही. मीसुद्धा नाही.

माझ्या वर्गातली एक मैत्रीण होती. तिच्या हातात खरंच जादू होती. ती बीकॉम झाली. आता लग्नसराईत मेंदीच्या ऑर्डर घेते आणि तिची मेंदी बघत राहावी अशी असते. मध्यंतरी भेटली तेव्हा म्हणाली, "चित्रकलेची पण डिग्री असते, हे मला बारावी झाल्यावर दोन वर्षांनी कळलं गं." हा लेख त्या वाक्यामुळे लिहितेय.

एक लाख रुपये आणि एक वर्ग

देवगिरी एक्स्प्रेसने रात्री जालन्याहून बसलं की सकाळी मुंबईत सीएसएमटीला उतरता येतं. स्टेशनच्या दर्शनी भिंतींवर दगडात कोरलेली पानं, फुलं, पक्षी, प्राणी आहेत. या नक्षीकामात विद्यार्थ्यांचा हात आहे. ते विद्यार्थी तिथून चालत काही मिनिटांवर असलेल्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे.

या शाळेची गोष्ट सुरू होते ती सर जमशेटजी जीजीभाय यांच्या देणगीपासून. १८५३ मध्ये त्यांनी कलाशिक्षणासाठी एक लाख रुपये देऊ केले. २ मार्च १८५७ रोजी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये चित्रकलेचा पहिला वर्ग भरला. १८६५ मध्ये जॉन लॉकवूड किपलिंग शिकवायला आले. त्याच वर्षाच्या शेवटी, याच आवारात, त्यांना मुलगा झाला. तो म्हणजे 'जंगल बुक' लिहिणारा रुडयार्ड किपलिंग. आज दिसते ती दगडी इमारत १८७८ मध्ये पूर्ण झाली.

सुरुवातीचं शिक्षण मात्र पक्कं विलायती होतं. युरोपातल्या पुतळ्यांच्या प्लास्टरच्या प्रतिकृती समोर ठेवायच्या आणि त्या हुबेहूब काढायच्या. एका अर्थी तेसुद्धा गाइडमधली नारळाची झाडंच काढत होते म्हणा ना.

मग ते आपल्याकडे आले

पुढचा भाग वाचून मी उडालेच. जे. जे.चे जॉन ग्रिफिथ्स १८७२ ते १८८५ या काळात आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला येत राहिले. म्हणजे आपल्या मराठवाड्यात! भोकरदन तालुक्याची हद्द ओलांडून सिल्लोडच्या बाजूने पुढे गेलं की येतो तोच अजिंठा. लेण्यांतल्या अंधारात बसून या मुलांनी भिंतींवरच्या चित्रांच्या मोठमोठ्या प्रती तयार केल्या. त्यात पेस्तनजी बोमनजींसारखे पुढे नावाजलेले चित्रकार होते. त्यातल्या बऱ्याच प्रती १८८५ मध्ये लंडनला लागलेल्या आगीत जळाल्या. उरलेल्या आजही तिथल्या संग्रहालयात आहेत.

मुंबईच्या त्या मुलांना रंग, रेषा, माणसाच्या अंगाचा डौल, हे सगळं आपल्या मातीत आधीच होतं, हे अजिंठ्याच्या भिंतीसमोर बसल्यावर दिसलं. म्हणजे देशातल्या इतक्या मोठ्या कलाशाळेचा एक वर्ग आपल्या दारात भरत होता. आणि आपण अजिंठ्याला जातो ते सहलीत, एका दिवसात, डब्यातली पुरी-भाजी खायला.

इथून कोण कोण बाहेर पडलं?

त्र्यंबकेश्वरहून आलेले दादासाहेब फाळके १८८५ मध्ये इथे दाखल झाले. 'राजा हरिश्चंद्र' आला १९१३ ला. कोल्हापूरचे एम. व्ही. धुरंधर इथे शिकले, इथेच शिकवू लागले आणि त्यांनी 'कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे' हे पुस्तक लिहिलं. एस. एच. रझा, वासुदेव गायतोंडे, तय्यब मेहता इथलेच. एफ. एन. सूझा यांना तर १९४५ मध्ये इथून काढून टाकलं होतं. दोनच वर्षांनी त्यांनी मित्रांबरोबर प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप काढला आणि भारतीय चित्रकलेचं वळणच बदललं.

कॅम्पस बघायचा तर उंच छताचे, मोठ्या खिडक्यांचे स्टुडिओ बघा. पेंटिंग, शिल्पकला, सिरॅमिक, धातुकाम, टेक्स्टाइल, इंटिरिअर असे वेगवेगळे विभाग आहेत. उपयोजित कला आणि आर्किटेक्चर यांच्या पुढे स्वतंत्र संस्था झाल्या. २०२३ मध्ये जे. जे.ला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला.

आणखी एक तारीख आपल्या कामाची आहे, १८९३. त्या वर्षी इथे चित्रकला शिक्षक घडवण्याचं प्रशिक्षण सुरू झालं. म्हणजे शाळेत शिकवायला चांगला ड्रॉइंग टीचर लागतो, हे तेव्हाच कळलं होतं. माझ्या शाळेत चित्रकलेच्या तासाला कित्येकदा गणिताचे सर यायचे आणि उरलेला पोर्शन पूर्ण करून घ्यायचे. मुंबईचं जे. जे. आम्हाला लांब वाटायचं ते रेल्वेच्या अंतरामुळे नाही, या बुडालेल्या तासांमुळे.

मग करायचं काय?

घरात किंवा शेजारी कुणी आठवी ते बारावीत असेल तर त्यांना एवढं नक्की सांगा. बारावीनंतर बीएफए ही चार वर्षांची पदवी करता येते. त्यासाठी प्रवेश परीक्षा असते. राज्याच्या कला सीईटीमध्ये वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र असेच पेपर असतात. ओळखीचे वाटले ना? ग्रेड परीक्षेत आपण हेच करतो, म्हणजे तयारी शाळेतच सुरू झालेली असते. जे. जे. आता अभिमत असल्याने तिथल्या प्रवेशाची त्या त्या वर्षीची सूचना वेगळी बघून घ्या. मुंबई परवडणार नसेल तर छत्रपती संभाजीनगरलाही दृश्यकलेचं शासकीय महाविद्यालय आहे. अंकुशनगरहून सकाळी निघालं तर बघून संध्याकाळी घरी येता येतं.

"चित्रं काढून पोट भरतं का?" हा प्रश्न घरी येणारच. उत्तर द्यायला जाहिरात, ॲनिमेशन, टेक्स्टाइल, सिनेमाचं कलादिग्दर्शन, पुस्तकांची मुखपृष्ठं, शाळेतली शिक्षकाची नोकरी असं बरंच काही आहे. यात सगळ्यांचं जमतंच असं नाही, पण ते इंजिनीअरिंगमध्ये तरी कुठे जमतं?

मैत्रिणीला मी ही सगळी माहिती पाठवली. "आता काय उपयोग?" असा रिप्लाय आला. थोड्या वेळाने दुसरा मेसेज आला, "माझी धाकटी बहीण नववीत आहे. तिला दाखवते."

यंदा हंगाम सुरू झाला की तिच्या त्या बहिणीला घेऊन कारखान्याच्या रस्त्यावर बसायचं ठरवलंय. समोर बैलगाड्या असतील. गाइड घरीच ठेवणार आहोत.