थोडे आधी आलेले बाळ

‘सातव्या महिन्यातले तगते, आठव्यातले तगत नाही,’ असे आपल्याकडे घरोघरी सांगितले जाते. डॉक्टरांना हे मान्य नाही. पोटात जितके दिवस अधिक, तितके मूल पक्के, इतका साधा हिशेब आहे. पण या समजुतीने एक घोटाळा होतो. आठवा सरून नववा लागला की सगळे निर्धास्त. वास्तविक ३७ आठवडे भरायच्या आत आलेले बाळ अपुऱ्या दिवसांचेच, मग ते दिसायला कितीही गोंडस असो.

बदनापूरच्या ग्रामीण रुग्णालयात जन्मलेल्या बाळाचे बिनसले, तर एका अंगाला जालन्याचे स्त्री रुग्णालय आणि दुसऱ्या अंगाला छत्रपती संभाजीनगरची घाटी. मात्र सरकारी नवजात कक्ष प्रामुख्याने १८०० ग्रॅमच्या आतल्या किंवा ३४ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या बाळांसाठी. पस्तिसाव्या-छत्तिसाव्या आठवड्यातले सव्वादोन किलोचे बाळ ठीक दिसले की आईबरोबर घरी येते, आणि खरी कसोटी तिथे सुरू होते.

‘किती गुणी बाळ, रडतच नाही!’ शेजारणी कौतुक करतात. हे कौतुक जरा जपून घ्यावे. असे बाळ पोट भरले म्हणून झोपते असे नाही. चोखून दमते, म्हणूनही झोपते. चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे यांचा मेळ साधारण ३४ आठवड्यांनंतर बसू लागतो, पण दम टिकायला आणखी काही आठवडे लागतात. अंगावरची चरबी शेवटच्या आठवड्यांतच साठते. ती कमी असल्याने बाळ लवकर गार पडते, रक्तातली साखर उतरते, मग सुस्ती येते आणि दूध आणखी कमी जाते. कावीळही अशांना जास्त गाठते.

म्हणून ‘रडेल तेव्हा पाजू’ हा पूर्ण दिवसांच्या बाळाचा नियम इथे चालत नाही. दोन-अडीच तासांनी, रात्रीसुद्धा, तळपाय चोळून उठवायचे आणि पाजायचे. दिवसरात्रीत आठ ते बारा वेळा. चोखायला दमत असेल तर आईने हाताने दूध काढून वाटी-चमच्याने द्यावे. उघड्या छातीशी बाळ धरून वरून लुगड्याचा पदर घेतला तर ऊबही मिळते आणि दूधही उतरते. पहिल्या आठवड्यानंतर दिवसाला सहा वेळा तरी लंगोट ओला झाला, तर दूध पुरते आहे असे समजावे. पहिला चीक फेकून देणे, गुळाचे पाणी, मध, गुटी हे सारे बंद. आजीबाईंचा राग पत्करून सांगावे लागते, की वर्षाच्या आतल्या मुलाला मध धोक्याचा असतो. पिणे थांबले, अंग गार लागले किंवा पिवळेपणा तळव्यांपर्यंत उतरला, तर सकाळची वाट पाहू नये.

यात यंत्रांपेक्षा माणसे लागतात, हे महाराष्ट्रानेच जगाला दाखवले. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांत गावातल्याच बायांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची देखभाल करवली. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापून आले: नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. आज आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या अशा ठरावीक दिवशी दारात येतात, त्याचे मूळ तिथे आहे. त्यांना उंबऱ्यावरून परतवू नका, वजन करू द्या. आईचे दूध अपुरेच पडले तर दुसऱ्या आईचे दूध हा पर्याय मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये दूधपेढी काढून उभा केला. बदनापूरपासून ती लांब पडते, हे खरेच.

लोहाचा साठाही पोटातल्या शेवटच्या तीन महिन्यांत होतो, म्हणून या बाळांना लोहाचे थेंब लागतात. मात्रा वजनावर, आणि कधीपासून ते डॉक्टर सांगतील. सहा महिन्यांपर्यंत आईच्या दुधाखेरीज दुसरे अन्न नको. मग मान धरते का, आधाराने बसते का, हे पाहून वरचे अन्न. तोवर घाई करणाऱ्यांना ‘हा जन्मला कधी आणि जन्मायला हवा होता कधी’ एवढे विचारावे.

बदनापूरचे कृषी संशोधन केंद्र तुरीच्या वाणांसाठी मराठवाड्यात ओळखले जाते. त्या तुरीचे वरण बाळाच्या वाटीत दाट हवे, मऊ भातात कालवलेले, वर चमचाभर तूप. नुसत्या वरणाच्या पाण्याने पोट भरते, वजन वाढत नाही.