शाई कोणती, ते आधी विचारा!

जून महिना उजाडला की घरातल्या बाईची कशी धांदल उडते, ते मी तुम्हांला काय सांगायचे! वह्या, पुस्तके, त्यांची कव्हरे, दप्तर, रेनकोट आणि या सगळ्यांवर कडी म्हणजे गणवेशाचे दोन जोड. गेल्या वर्षी आमचे चिरंजीव पाचवीत गेले. पाचवी म्हणजे पेन्सिल सुटून हातात पेन येण्याचे वर्ष. मी स्वतः शाळेत अर्धवेळ शिकवते, त्यामुळे पांढऱ्या शर्टांच्या खिशांचे पुढे काय होते ते रोज पाहते. म्हणून पहिल्याच दिवशी बजावून ठेवले, "नव्या शर्टावर शाईचा ठिपका जरी दिसला ना, तर याद राख!"

दहा-बारा दिवस गेले. एका रविवारी धुणे भिजवताना लक्षात आले की गेले काही दिवस एकच शर्ट धुण्यात येतोय. दुसरा कुठे? चिरंजीव खाली मान घालून उभे. शेवटी सासूबाईंनी त्याला जवळ घेऊन विचारले, तेव्हा तो शर्ट पलंगाखालच्या ट्रंकेमागून निघाला. रिफिल गळून खिशाखाली रुपयाएवढा निळा डाग पडला होता. डाग बुधवारचा, म्हणजे चांगला चार दिवसांचा!

राग आला की हात आधी चालतात आणि डोके मागून. मी तो शर्ट तसाच कढत पाण्यात टाकला, वर सोडा घातला आणि ब्रशने खसाखसा घासला. रुपयाचा डाग तळहाताएवढा झाला. सासूबाई म्हणाल्या, "अगं, लिंबू-मीठ लावून उन्हात टाक. आमच्या वेळी त्यानंच जायचे डाग." तेही केले. दुपारभर ऊन खाऊन डाग होता तिथेच, उलट जास्तच पक्का दिसू लागला.

सोमवारी शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाईंना ही रडकथा सांगितली. त्या हसल्या आणि एकच प्रश्न विचारला, "शाई कोणती होती?"

मैत्रिणींनो, खरे सांगते, हा प्रश्न मला तोवर सुचलाच नव्हता. शाई म्हणजे शाई, डाग म्हणजे डाग, असाच माझा समज. पण सगळी गोम तिथेच आहे.

सासूबाईंचे लिंबू का चालले नाही?

सासूबाई शाळेत होत्या तेव्हाची शाई म्हणजे दौतीतली किंवा फाउंटन पेनची. १९३१ साली दांडेकर बंधूंनी मुंबईत शाईची पूड आणि वड्या करायचा उद्योग सुरू केला. तोच पुढचा कॅम्लिन. तेव्हापासून शाईची पूड-वडी आणि पुढे शाईची बाटली मराठी घरांतून ओळखीची झाली. त्या काळी पक्की निळी-काळी शाई करताना हिराकस आणि मायफळासारखा तुरट पदार्थ वापरायची पद्धत होती. हिराकस म्हणजे लोखंडाचा क्षार. कागदावर किंवा कापडावर हवा लागली की ही शाई काळी पडते आणि चिकटून बसते. या लोखंडाला आंबट पदार्थ सैल करतो. म्हणून लिंबू चालायचे आणि आंबट दही चालायचे. सासूबाईंचा उपाय खोटा नव्हताच, पण तो त्यांच्या शाईचा होता.

बॉलपेनची गोष्ट निराळी. हंगेरीतल्या लास्लो बिरो या पत्रकाराने १९३८ साली त्याचे पेटंट घेतले. छापखान्याची दाट शाई चटकन वाळते, तशी शाई पेनात का असू नये, हा त्याचा विचार. ही शाई दाट आणि तेलकट. तिला पाणी भिजवत नाही की लिंबू सैल करत नाही. तिला लागते स्पिरिट. आणि मी मात्र तिला कढत पाणी पाजत होते!

कोणतीही शाई असो, हे पाच नियम

डाग दिसताक्षणी चोळू नये. टिपकागद, जुने सुती फडके किंवा कागदी रुमाल वरून नुसता दाबून ओली शाई टिपून घ्यावी.

गरम पाणी वापरू नये. पाणी नेहमी थंड घ्यावे.

काम कापडाच्या उलट बाजूने करावे आणि डागाखाली पांढऱ्या फडक्याची घडी ठेवावी. म्हणजे शाई आली तशी परत फडक्यात उतरते. फडके निळे झाले की त्याची कोरी बाजू घ्यावी, नाहीतर तीच शाई पुन्हा कापडात जाते.

बोळा डागाच्या कडेकडून मध्याकडे टिपत न्यावा. मध्यातून बाहेर गेलात तर डाग पसरलाच म्हणून समजा.

डाग पुरता जाईपर्यंत कापड उन्हात वाळवू नये आणि इस्त्री तर मुळीच करू नये. एकदा ऊब लागली की मग डाग जायचे नाव घेत नाही.

आणखी एक. कोणताही उपाय आधी शिवणीच्या आत किंवा दुमडलेल्या पट्टीवर थेंबभर लावून पाहावा. शाई जाता जाता कापडाचा रंगही गेला तर काय उपयोग?

बॉलपेनचा डाग

औषधाच्या दुकानातले सर्जिकल स्पिरिट घ्यावे. २०२० साली करोनाच्या दिवसांत आणलेल्या सॅनिटायझरची बाटली अजून कपाटात पडून असेल, तर तीही चालते, कारण त्यातही मुख्यतः अल्कोहोलच असते. मात्र पातळ, बिनरंगाचे सॅनिटायझर बरे. कापसाचा बोळा त्यात भिजवून डागावर टिपत राहावे. दर मिनिटाला खालचे फडके सरकवावे. पाच-सहा वेळा केल्यावर डाग फिका पडू लागतो. मग भांडी घासायच्या पातळ साबणाचे दोन थेंब लावून हलक्या हाताने चोळावे आणि थंड पाण्यात खळबळून काढावे. राहिलेच थोडे, तर पुन्हा पहिल्यापासून.

हे करताना गॅस, निरांजन, उदबत्ती किंवा डासांची कॉइल जवळ नको, कारण स्पिरिट भुर्रकन पेट घेते. खिडकी उघडी ठेवावी आणि मुलांना लांब बसवावे.

बऱ्याच जणी नखांचे पॉलिश काढायचे औषध लावतात. त्यात ॲसिटोन असेल तर शाई जाते खरी, पण ॲसिटेटचे चकचकीत अस्तर असले तर अस्तरही विरघळते! टूथपेस्टने घासण्याचा उपायही मला पटला नाही. त्याने डागापेक्षा कापडच जास्त झिजते.

फाउंटन पेनचा डाग

साधी निळी शाई पाण्यातली असते. ताजा डाग असेल तर उलट बाजूने नळाची थंड धार सोडावी. पाणी नितळ येऊ लागले की साबण लावून अर्धा तास भिजवावे. धुता येणारी शाई असेल तर एवढ्यानेच काम होते. पांढऱ्या सुती कपड्यावर तरीही निळी छटा राहिली, तर एक लिटर पाण्यात एक मोठा चमचा ब्लीच घालून पाचच मिनिटे बुडवावे आणि भरपूर पाण्यात धुवावे. रंगीत कपड्याला आणि रेशमी-लोकरीला ब्लीच दाखवूही नये.

पण निळ्या-काळ्या पक्क्या शाईच्या बाबतीत माझी फजिती ऐका. आमच्या ह्यांना फाउंटन पेनचा भारी षोक. एकदा ह्यांच्या पांढऱ्या सुती सदऱ्यावर दौत कलंडली. मी आता शहाणी झालेली! लगेच ब्लीच लावले. निळा रंग पळाला आणि त्या जागी उमटला गंजासारखा पिवळट तांबूस डाग. शाईतले लोखंडच ते! ब्लीचने रंग गेला, लोखंड मागे राहिले. या वेळी सासूबाई काही बोलल्या नाहीत. मी सदरा पाच-सहा पाण्यांतून काढला, ब्लीचचा वास पुरता गेल्याची खात्री केली, तेव्हा त्यांनी त्यावर लिंबाची फोड पिळली, चिमूटभर मीठ भुरभुरवले आणि तासाभराने धुतला. डाग गेला! जुन्या शाईला जुनेच औषध लागू पडले. तेव्हा लोखंडाची शाई असल्याची शंका आली तर ब्लीच आणि सोडा दोन्ही दूर ठेवावेत आणि आधी लिंबू लावावे.

इथे एक धोक्याची सूचना. ब्लीच आणि लिंबू, ब्लीच आणि व्हिनेगर, ब्लीच आणि संडास धुवायचे ॲसिड हे कधीही, कधीही एकत्र करू नये. त्यातून क्लोरीनचा विषारी वायू निघतो. आपली न्हाणीघरे लहान आणि खिडक्या त्याहून लहान, म्हणून मुद्दाम सांगते. तसेच गंजाच्या डागासाठी मिळणारे ऑक्झॅलिक ॲसिड विषारी असते. लहान मुलांच्या घरात ते ठेवूच नये.

जेल पेन, मार्कर आणि बोटाची शाई

जेल पेन सध्या मुलांचे लाडके, पण डागाच्या बाबतीत सर्वांत हट्टी. त्यात रंगाचे बारीक कण असतात आणि ते धाग्यांत जाऊन बसतात. ताजा डाग थंड पाण्याखाली धरून, पातळ साबण लावून लगेच धुतला तर बराचसा जातो. वाळला की स्पिरिट लावून पाहावे, थोडा उतरेल. पण पूर्ण जाईलच अशी खात्री मी देणार नाही, आणि कोणी दिली तर तुम्ही विश्वास ठेवू नका.

फळ्यावरचा मार्कर म्हणजे आम्हा शिक्षिकांच्या पदराचा शत्रू. फळ्यावरून तो हाताने पुसला जातो, पण कापडावरून नाही. आधी स्पिरिटने टिपून मग पातळ साबण लावावा. सुती साडीवर दोनतीनदा केल्यावर बराच फरक पडतो.

आणि मतदानाची शाई? आमच्या एका सहकारी बाई २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत कामावर होत्या. साडीवर एक थेंब उडाला. घरी येऊन त्यांनी सगळे उपाय केले, पण डाग दिवसेंदिवस काळाच होत गेला. होणारच! ही शाई म्हैसूरच्या कारखान्यात बनते आणि १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीपासून वापरात आहे. त्यात सिल्व्हर नायट्रेट असते. उजेड लागला की ते काळे पडते. जाऊ नये म्हणूनच केलेली शाई ती! त्या जागी एखादे भरतकामाचे फूल काढावे, हेच उत्तम.

पैठणी, रेशमी साडी, जरीचा काठ यांवर डाग पडला तर घरी काही करू नये. टिपून घ्यावे आणि लगेच ड्रायक्लीनरकडे द्यावे. देताना डाग शाईचा आहे, कोणत्या पेनाचा आहे आणि कधी पडला, हे तिन्ही सांगावे. निम्मे काम त्यानेच सोपे होते.

आणि शेवटचा उपाय, खरे तर पहिला

आता त्या शर्टाकडे वळते. स्पिरिट, साबण, पुन्हा स्पिरिट असे तीन संध्याकाळी केले. डाग पुष्कळ फिका झाला, पण पुरता गेला नाही. विज्ञानाच्या बाई म्हणाल्या, "बुधवारीच लावलं असतं, तर गेला असता."

तो बुधवार मला फार टोचला. बुधवारी डाग दाखवायला माझ्या मुलाला वाट का नव्हती? तर मी "याद राख" म्हटले होते म्हणून. शर्ट चारशे रुपयांचा असेल, पण दहा वर्षांचे पोर चार दिवस तोच ओलसर शर्ट घालून शाळेत जात होते, आणि रात्री ट्रंकेकडे बघत झोपत होते. वर्गातही मी हेच करत असेन का, असा विचार मनात आला. खिशावर वही धरून फिरणारी मुले मी पाहिली नव्हती थोडीच!

त्या रात्री त्याला जवळ बसवून म्हटले, "डाग पडला की लगेच सांगायचं. मी रागावणार नाही." नुसते सांगून भागणार नव्हते, म्हणून न्हाणीघराच्या वरच्या फळीवर एक डबा ठेवला. त्यात स्पिरिटची छोटी बाटली, कापूस, पातळ साबण आणि जुनी फडकी. डबा उतरवणार मीच, पण हाक मारायची त्याने.

मागच्या महिन्यात शाळेतून आला, दप्तर टाकले आणि थेट स्वयंपाकघरात उभा राहिला. "आई, डाग पडला. मधल्या सुट्टीत. बॉलपेनचा आहे."

मी पोळी तव्यावरून उतरवली, गॅस बंद केला, हात धुतले आणि डबा काढला. दहा मिनिटांत शर्ट स्वच्छ झाला. डागाखाली जे फडके धरले होते, ते म्हणजे त्याचाच तो जुना शर्ट. घड्या घालून घालून आता मऊ झाला आहे. शाई छान टिपतो.