मोटारगाडीचे आयडलिंग कंपन

आयडलिंग कंपन म्हणजे मोटारगाडी उभी असताना व ॲक्सिलरेटरवर पाय नसताना इंजिनाची थरथर स्टिअरिंग, आसन किंवा डॅशबोर्डापर्यंत पोहोचून जाणवणे. थोडे कंपन प्रत्येक अंतर्ज्वलन इंजिनात असतेच. ते पूर्वीपेक्षा वाढले, अनियमित झाले किंवा त्याबरोबर गाडी बंद पडू लागली, तर तो बिघाड समजला जातो. त्याची कारणे दोन गटांत मोडतात: इंजिन स्वतःच विस्कळीत चालणे, किंवा इंजिन सुरळीत असूनही त्याचे कंपन गाडीच्या सांगाड्यात उतरणे. या दोहोंतील फरक न ओळखता दुरुस्तीस हात घातल्यास चांगले सुटे भाग विनाकारण बदलले जातात व मूळ दोष तसाच राहतो.

कंपनाचा उगम

बहुतेक पेट्रोल मोटारींचे इंजिन आयडलिंगला मिनिटाला साधारण ६५० ते ९०० फेरे घेते. चार धावांच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरमध्ये क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांत एकदा ज्वलन होते. त्यामुळे ७५० फेऱ्यांच्या वेगाला चार सिलिंडरांच्या इंजिनात सेकंदाला २५, तर तीन सिलिंडरांच्या इंजिनात सुमारे १९ धक्के बसतात. फ्लायव्हीलमध्ये साठणारी ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते; कमी वेगाला ती अपुरी पडते व दोन धक्क्यांमधील चढउतार जाणवतो.

सिलिंडरांची संख्या कमी असली की ही थरथर स्वाभाविकपणे अधिक असते. मारुती ८०० (१९८३) हिचे ७९६ घन सेंटिमीटरचे इंजिन तीन सिलिंडरांचे, तर टाटा नॅनोचे ६२४ घन सेंटिमीटरचे इंजिन दोन सिलिंडरांचे होते. असा असमतोल कमी करण्यासाठी काही इंजिनांत समतोलक दंड बसवतात. या तंत्राच्या विकासात ब्रिटिश अभियंता फ्रेडरिक लँचेस्टर (१८६८–१९४६) यांचा मोठा वाटा आहे.

प्रमुख कारणे

• मिसफायर: एखाद्या सिलिंडरमध्ये ज्वलन न होणे किंवा अपुरे होणे. गॅरेजच्या भाषेत यास 'मिसिंग' म्हणतात. झिजलेला स्पार्क प्लग, निकामी इग्निशन कॉइल, तुंबलेला इंजेक्टर किंवा कमी झालेले कॉम्प्रेशन ही त्याची नेहमीची कारणे होत.
• हवेची गळती: इनटेक मॅनिफोल्डची गॅस्केट किंवा रबरी नळी फाटल्यास न मोजलेली हवा आत जाते. पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनास वजनाने सुमारे १४.७ भाग हवेला १ भाग इंधन लागते. हे प्रमाण बिघडते. आयडलिंगला थ्रॉटल जवळजवळ बंद असल्याने गळतीचा वाटा मोठा ठरतो. वेग वाढवताच तो तुलनेने घटतो, म्हणून थरथर कमी होते.
• थ्रॉटल बॉडीतील काजळी: आयडलिंगपुरती लागणारी हवा अडते, वेग घसरतो. एसी सुरू होताच इंजिनावर भार पडून थरथर वाढते.
• ईजीआर झडप उघडी अडकणे: धुराड्यातील वायू नको त्या वेळी सिलिंडरमध्ये शिरून ज्वलन मंदावते.
• इंजिन माउंटिंग खराब होणे: इंजिन ज्या रबरी आधारांवर बसते त्यांचे रबर चिरते किंवा दबते, द्रव भरलेल्या माउंटिंगमधून द्रव गळतो.

डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतात. तेथे इंजेक्टरांतून कमीअधिक इंधन जाणे हे महत्त्वाचे कारण असते.

निदान

१. कंपन केव्हा होते ते नोंदवावे: थंड इंजिनात, एसी चालू असताना, की ऑटोमॅटिक गाडी ब्रेक दाबून गिअरमध्ये उभी असताना. केवळ विशिष्ट वेगाने धावताना होणारी थरथर चाकांच्या बॅलन्सिंगशी संबंधित असू शकते. उभ्या गाडीतील थरथरीचा चाकांशी संबंध नसतो.

२. टॅकोमीटरचा काटा व धुराड्याचा आवाज तपासावा. काटा हलत असेल किंवा आवाज मध्येच तुटत असेल, तर दोष इंजिनात असण्याची शक्यता अधिक. दोन्ही स्थिर असल्यास आधी माउंटिंग पाहावे.

३. ओबीडी स्कॅनरने दोषसंकेत वाचावेत. पी०३०० हा अनेक सिलिंडरांतील मिसफायर, तर पी०३०१ ते पी०३०४ हे अनुक्रमे पहिल्या ते चौथ्या सिलिंडरमधील मिसफायर दर्शवतात. पी०१७१ हा इंधन कमी व हवा जास्त असल्याचा संकेत हवेच्या गळतीकडे बोट दाखवू शकतो.

४. संकेत हा सुटा भाग बदलण्याचा आदेश नसतो. पी०३०२ आल्यास इंजिन बंद करून दुसऱ्या व तिसऱ्या सिलिंडरच्या कॉइलची अदलाबदल करतात. संकेत पी०३०३ झाला, तर कॉइल सदोष. तो दुसऱ्यावरच राहिला, तर प्लग, इंजेक्टर व कॉम्प्रेशन या क्रमाने तपासणी करतात.

५. हवेची गळती शोधण्यासाठी इनटेकमध्ये धूर सोडून तो कोठून बाहेर पडतो ते पाहतात. तापलेल्या इंजिनावर ज्वालाग्राही द्रव फवारून गळती शोधण्याच्या पद्धतीत आगीचा धोका असतो.

दुरुस्ती

प्लग बदलताना उत्पादकाने दिलेले अंतर राखावे लागते. थ्रॉटल बॉडी स्वच्छ केल्यावर अनेक गाड्यांत नियंत्रक संगणकास आयडलिंगची स्थिती पुन्हा शिकवावी लागते. तसे न केल्यास वेग काही काळ चढाच राहतो. एक माउंटिंग तुटले असल्यास उरलेल्यांवर अधिक भार आलेला असतो, म्हणून सर्व तपासतात. कॉम्प्रेशन कमी असल्यास झडपा, पिस्टन रिंग किंवा हेड गॅस्केटची दुरुस्ती करावी लागते व ती खर्चिक असते.

दुर्लक्षाचे परिणाम व सुरक्षितता

मिसफायरमुळे न जळलेले इंधन कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळते व तो अतितप्त होऊन निकामी होतो. अनेक गाड्यांत इंजिनाचा इशारा दिवा लुकलुकणे ही याच धोक्याची सूचना असते; अशा वेळी गाडी पुढे दामटू नये. स्वस्त प्लगकडे केलेले दुर्लक्ष अशा रीतीने त्याहून कितीतरी महाग भागावर बेतते.

तपासणीच्या वेळी हँडब्रेक ओढलेला असावा. बंद जागेत इंजिन चालू ठेवू नये, कारण धुरातील कार्बन मोनॉक्साइड रंगहीन, गंधहीन व प्राणघातक असतो. चालू इंजिनातील कॉइलमध्ये हजारो व्होल्टचा विद्युतदाब असल्याने तिची जोडणी हाताने ओढू नये.