इतवारीतला 'त'

नागपुरातील इतवारी, मंगळवारी, बुधवारी आणि शुक्रवारी ही नावे त्या त्या वारी भरणाऱ्या बाजारांची आठवण जपतात. त्यांच्या शेवटचा 'ई' हा 'त्या वाराचा' असा संबंध दाखवणारा प्रत्यय असून पुढचे 'बाजार' हे नाम बोलण्यात सहज गळते, तर पुण्याने प्रत्यय न घेता 'पेठ' राखली.

यांपैकी 'इतवार' या शब्दाचा प्रवास सर्वांत विलक्षण आहे. मूळ संस्कृत शब्द 'आदित्यवार', आणि त्यातील 'वार' म्हणजे पाळी, जी 'वारंवार' या शब्दातही टिकून आहे. दोन स्वरांमधला 'द' लोपणे प्राकृतात नेहमीचेच असल्याने 'पाद'चा 'पाय' झाला. मात्र 'त्य'चा 'च्च' होणे हाही तितकाच पक्का नियम असून 'सत्य'वरून 'साच' आणि 'नृत्य'वरून 'नाच' हे शब्द त्यानेच घडले. प्राकृतात 'आइच्च' हे रूप आढळतेही, आणि त्याच वाटेने शब्द आला असता, तर आज 'इचवारी' म्हणावे लागले असते. 'त' वाचला, यावरून असे अनुमान निघते की पंचांग सांगणाऱ्यांच्या तोंडचे संस्कृत रूप लोकांनी पुन्हा उचलले आणि बोलीत झिजवले. अशा शब्दाला अर्धतत्सम म्हणतात. मराठीत तो 'आइतवार' किंवा 'ऐतवार' झाला, गोव्यात 'आयतार', आणि हिंदीत 'इतवार'. मराठी शहराच्या मोठ्या बाजारपेठेने हिंदी वळण स्वीकारले, ही नागपूरच्या दुभाषी व्यवहाराची बोलकी खूण आहे.

भारतीय अभिलेखांतील वाराचा सर्वांत जुना ज्ञात उल्लेख मध्य प्रदेशातील एरण येथील बुधगुप्ताच्या स्तंभावर, इ. स. 484 मधला आहे, आणि तो गुरुवारचा आहे. वारांचा क्रम होरांवरून, म्हणजे दिवसाच्या चोविसाव्या भागांवरून ठरतो: शनी, गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र या क्रमाने प्रत्येक होरेला एक अधिपती दिला, की 24 ला 7 ने भागून 3 उरत असल्यामुळे दुसऱ्या दिवसाची पहिली होरा तीन घरे पुढच्या ग्रहाकडे जाते, म्हणूनच शनिवारनंतर रविवार आणि मग सोमवार येतो. हीच ग्रहमाला रोमन जगातून उत्तरेकडे गेली, तेव्हा जर्मानिक लोकांनी मंगळाच्या जागी आपला युद्धदेव टीव बसवला आणि इंग्रजीचा 'ट्यूज्डे' निर्माण झाला. त्यातला 'डे' अनेक बोलींत आघाताअभावी 'डी' इतकाच उरतो. 'आयतार'मध्ये 'वार'चा 'व' झिजला, तोही याच जातीचा बदल होय.

वारांवरून माणसांची नावे ठेवण्याची रीतही विदर्भात रुजली, आणि तिथे प्रत्ययच नाते सांगतो: एकाच 'बुधा'ला बरोबरीचा सोबती 'बुध्या' म्हणतो, तर मान देणारा 'बुधाजी'.